कायद्याची तारीख कोण ठरवतो?

१३ फेब्रुवारी २०२५ रोजी छत्तीसगड राज्यात दुकाने व आस्थापनांविषयीचा नवा कायदा अमलात आला. तो संमत झाला होता २०१७ साली. त्याखालचे नियम तयार झाले २०२१ साली. प्रत्यक्ष अंमल सुरू होण्यास २०२५ साल उजाडावे लागले. या कायद्याने १९५८ सालचा जुना कायदा रद्द झाला. दुकान चोवीस तास उघडे ठेवण्याची मुभा, नोंदणीची सुटसुटीत पद्धत, व्यवसायाची सुलभता या गोष्टींचा पुष्कळ गाजावाजा झाला. त्यातील एका तरतुदीकडे मात्र फारच थोड्यांचे लक्ष गेले. अमलात आला तेव्हा हा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांनाच लागू होता.

रायपूरच्या पंडरीतील कापड बाजार, गोलबाजार, सदर बाजार, मालवीय रोड या भागांतून फेरफटका मारणाऱ्यास या एका ओळीचा अर्थ समजण्यास वेळ लागणार नाही. गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडणारा, गोदामातून गाठोडी वाहून आणणारा, रात्री शटर ओढून मगच घरी जाणारा दुकाननोकर बहुधा चार-सहा किंवा आठ सहकाऱ्यांसमवेत काम करतो. जुना कायदा नागरी क्षेत्रापुरता होता; परंतु त्या क्षेत्रातील दुकान लहान की मोठे, हे तो पाहत नसे. साप्ताहिक सुट्टी, कामाच्या तासांची मर्यादा, पगारी रजा हे हक्क चार नोकरांच्या दुकानातही होते. कागदावर का होईना, होते. नवा कायदा संपूर्ण राज्यभर पसरला आणि लहान दुकानाच्या उंबरठ्याशी येऊन थांबला. त्याचे क्षेत्र वाढले व त्यातील माणसे घटली.

हे उदाहरण केवळ रायपूरचे नाही. केंद्र सरकारने २०१६ साली राज्यांपुढे ठेवलेल्या नमुना कायद्याचा साचाच हा आहे. महाराष्ट्रात १९४८ सालचा मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम असाच रद्द झाला व १९ डिसेंबर २०१७ पासून दहा कामगारांची मर्यादा आली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने ती मर्यादा वीसवर नेण्यास मान्यता दिली.

कायद्याची चर्चा सामान्यतः त्याच्या कलमांभोवती फिरते. परंतु कोणत्याही कायद्याविषयी कलमांच्याही आधी चार प्रश्न विचारावे लागतात. तो केव्हापासून लागू? कोठे लागू? कोणाला लागू? आणि तो येण्यापूर्वीच्या हक्कांचे व व्यवहारांचे काय? विधी महाविद्यालयात हे प्रश्न प्राथमिक तत्त्वे म्हणून शिकवले जातात व तांत्रिक बाब म्हणून विसरले जातात. वस्तुतः वर्गसंघर्षाचा फार मोठा भाग या चार प्रश्नांच्या उत्तरांवरच लढला गेला आहे.

राज्ये बदलतात, कायदे राहतात

रायपूरचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. १८५४ पर्यंत हे शहर नागपूरच्या भोसल्यांच्या राज्यात होते. १८६१ साली ते मध्य प्रांतात गेले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशात गेले आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगडची राजधानी झाले. शासन बदलले, ध्वज बदलला, राजधानी बदलली. कायदे मात्र बहुतांशी तेच राहिले. याचे कारण एक मूलभूत तत्त्व आहे. राज्यकर्ता किंवा सीमा बदलल्यामुळे कायदा आपोआप नष्ट होत नाही. सक्षम विधिमंडळ तो रद्द करीत नाही अथवा बदलीत नाही तोवर तो चालू राहतो. संविधानाच्या अनुच्छेद ३७२ ने ब्रिटिशकालीन कायदे याच तत्त्वाने चालू ठेवले. मध्य प्रदेश पुनर्रचना अधिनियम, २००० ने मध्य प्रदेशाचे कायदे छत्तीसगडमध्ये याच तत्त्वाने चालू ठेवले. १९५८ चा दुकाने कायदा भोपाळहून रायपूरला आला तो असा.

हे तत्त्व कष्टकऱ्यांच्या विरोधातीलच आहे असे नव्हे. ते नसते तर १ नोव्हेंबर २००० च्या सकाळी रायपूरच्या कामगाराला ना किमान वेतन राहिले असते, ना नुकसानभरपाई. परंतु त्याच तत्त्वाच्या आधारे १८९४ चा वासाहतिक भूसंपादन कायदा स्वतंत्र भारतात २०१३ च्या अखेरपर्यंत जिवंत राहिला आणि पोलाद, खाणी, धरणे यांच्या नावाने लक्षावधी शेतकऱ्यांना व आदिवासींना उठवीत राहिला. म्हणजे तत्त्व एक, फळे दोन. कोणता जुना कायदा ठेवायचा व कोणता फेकून द्यायचा, हे सत्ता कोणाच्या हाती आहे त्यावर ठरते.

कायदा रद्द झाला म्हणजे त्याखाली आधी मिळालेले हक्कही रद्द झाले, असा समज मालकवर्ग मुद्दाम पसरवतो. तो चुकीचा आहे. केंद्राच्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमधील कलम ६ आणि राज्यांचे तत्सम कायदे यांनुसार, नव्या कायद्यात विरुद्ध हेतू स्पष्ट नसेल तर, रद्द झालेल्या कायद्याखाली प्राप्त झालेले हक्क, निर्माण झालेली देणी व चालू असलेले दावे शाबूत राहतात. पंडरीच्या नोकराने १३ फेब्रुवारी २०२५ पूर्वी केलेल्या जादा कामाचा मोबदला किंवा साठलेली पगारी रजा केवळ त्या तारखेमुळे बुडत नाही. प्रश्न उरतो तो मुदतीत दावा करण्याचा व त्यासाठी पुरावा राखण्याचा. येथे संघटनेचे काम सुरू होते.

संमती आणि अंमल यांमधील दरी

कायद्यात तारीख दिली नसेल तर राष्ट्रपतींच्या संमतीच्या दिवशीच केंद्रीय कायदा अमलात येतो, असा सर्वसाधारण नियम आहे. परंतु पुष्कळ कायद्यांच्या पहिल्याच कलमात ‘शासन अधिसूचनेद्वारे नेमील त्या दिवशी’ हा शब्दप्रयोग आढळतो. संसदेने केलेला कायदा जिवंत करण्याची किल्ली अशा रीतीने कार्यकारी सत्तेच्या खिशात जाते.

ही किल्ली कशी वापरली जाते याचे सर्वांत बोलके उदाहरण छत्तीसगडच्या शेजारच्या कोळसापट्ट्यातून मिळते. आणीबाणीच्या अनुभवानंतर जनता सरकारच्या काळात ४४ वी घटनादुरुस्ती झाली व ३० एप्रिल १९७९ रोजी तिला संमती मिळाली. तिच्या कलम ३ ने प्रतिबंधक स्थानबद्धतेवर महत्त्वाची बंधने घातली. सल्लागार मंडळाच्या मताविना स्थानबद्धतेची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणली व त्या मंडळावर न्यायाधीश नेमण्याची पद्धत अधिक स्वतंत्र केली. धनबादच्या खाणकामगारांचे मार्क्सवादी नेते व खासदार ए. के. रॉय यांना राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध केले गेले, तेव्हा हे कलम अमलात आणलेच गेलेले नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापुढे मांडण्यात आली. २८ डिसेंबर १९८१ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने बहुमताने निर्णय दिला की, तारीख नेमण्याचा आदेश न्यायालय सरकारला देऊ शकत नाही. ते कलम आजतागायत अमलात आलेले नाही. घटनादुरुस्ती झाली, संमती मिळाली, ग्रंथात छापली गेली. तिचा अंमल मात्र चार दशकांहून अधिक काळ एका अधिसूचनेवाचून अडला आहे. रॉय २०१९ साली निवर्तले.

आदिवासी क्षेत्रांतील ग्रामसभांची कथा याहून वेगळी नाही. अनुसूचित क्षेत्रांना पंचायतींचा विस्तार करणारा ‘पेसा’ कायदा २४ डिसेंबर १९९६ रोजी आला. तो येथे लागू, तेथे नाही; कारण त्याचा अंमल पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रांपुरता आहे. रायपूर शहरात तो लागू नाही. पूर्वीच्या रायपूर जिल्ह्यातील गरियाबंद, मैनपूर व छुरा या विकासखंडांत, म्हणजे २०१२ पासूनच्या गरियाबंद जिल्ह्यात, तो लागू आहे. विसंगत कायदे एका वर्षात बदलावेत, अन्यथा ते निष्प्रभ होतील, असे त्यात लिहिले होते. परंतु त्याखालील नियम महाराष्ट्रात आले २०१४ साली आणि छत्तीसगडमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये. जवळजवळ सव्वीस वर्षे अधिकारी ग्रामसभेला सांगू शकत होते की, कायदा आहे, नियम नाहीत. दरम्यान खाणींचे पट्टे थांबले नाहीत.

कायदा जनतेला ज्ञात झाल्यावाचून तिच्यावर बंधनकारक होत नाही, हेही एक मूलतत्त्व आहे. जयपूर संस्थानात कोणतीही प्रसिद्धी न करता संमत झालेल्या अफूविषयक कायद्याखालील शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली हरला खटल्यात रद्द केली, ती याच कारणासाठी. लोकांना न कळवलेला कायदा नैसर्गिक न्यायाशी विसंगत आहे, असे न्यायालयाने मानले. आज राजपत्र निघाले की प्रसिद्धी झाली असे धरले जाते आणि कायद्याचे अज्ञान ही सबब चालत नाही. गोंडी, हलबी किंवा छत्तीसगढी बोलणाऱ्या श्रमिकाने ते राजपत्र वाचले असेल, ही कायद्याची केवळ कल्पना आहे. ही कल्पना व वास्तव यांतील अंतर भरून काढणे हे कामगार संघटना व पक्षशाखांचे काम आहे. अन्य कोणी ते करणार नाही.

संख्येचा उंबरठा

‘कोणाला लागू’ या प्रश्नाचे उत्तर कामगार कायद्यांत बहुधा एका आकड्याने दिले जाते. त्या आकड्याचा इतिहास म्हणजे भारतीय कामगार चळवळीच्या चढउतारांचा आलेखच होय. १८८१ चा पहिला कारखाना कायदा शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना लागू होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले, १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली, आणि १८९१ च्या कायद्यात मर्यादा पन्नासवर आली. पहिल्या महायुद्धानंतरच्या संपांच्या लाटेत, १९२० साली आयटकची स्थापना झाली व १९२२ च्या कायद्याने मर्यादा वीसवर आली. १९४८ च्या कायद्याने ती विजेवर चालणाऱ्या कारखान्यांसाठी दहावर आणली. सदुसष्ट वर्षांत शंभरापासून दहापर्यंत हा प्रवास झाला. प्रत्येक पायरी खाली येताना लक्षावधी नवे कामगार कायद्याच्या छायेत आले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या चार श्रमसंहितांनी हे चाक उलटे फिरवले आहे. विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा दहावरून वीस, विजेविना चालणाऱ्याची वीसवरून चाळीस. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींची मर्यादा वीसवरून पन्नास. स्थायी आदेशांची शंभरावरून तीनशे. कामगारकपात व कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याची मर्यादाही शंभरावरून तीनशे. रायपूरलगतच्या उरला व सिलतरा औद्योगिक क्षेत्रांतील स्पंज आयर्न व रोलिंग मिलच्या कामगारांना या आकड्यांचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. एका भट्टीवरील माणसे चार ठेकेदारांच्या चार हजेरीपटांवर विभागली की उंबरठा गाठलाच जात नाही. दुकानात हेच काम दोन नावांच्या दोन पावतीपुस्तकांनी होते. एकही कलम न खोडता, कायदा ज्यांच्यासाठी होता त्यांनाच त्याबाहेर ढकलण्याचा हा मार्ग आहे.

तरीही एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. किमान वेतनाची तरतूद नव्या वेतन संहितेत सर्व कामगारांना लागू केलेली आहे. तेथे दहाचा उंबरठा नाही. वेतनविषयक दाव्याची मुदतही तीन वर्षांची झाली आहे. किमान वेतन कायद्याखाली ती सहा महिने होती. मुदतीचे नियम साधारणपणे प्रक्रियेचे मानले जातात व ते पुढील दाव्यांना लागू होतात. मात्र जुन्या मुदतीत मेलेला दावा नव्या मुदतीने आपोआप जिवंत होत नाही. सबब, संहितांना विरोध करीत असतानाच त्यांतील जे शस्त्र हाती लागते ते वापरणे, यात कोणतीही विसंगती नाही.

मागे पाहणारा कायदा

कायदा पुढे पाहतो, मागे नाही, हे चौथे तत्त्व. आज केलेल्या कृत्याला उद्याचा नियम लावला तर माणसाला कोणत्याच नियमाचा भरवसा उरत नाही. गुन्हा व शिक्षेबाबत संविधानाच्या अनुच्छेद २०(१) ने हे बंधन पूर्णपणे घातले आहे. दिवाणी बाबतीत विधिमंडळ पूर्वलक्षी कायदा करू शकते. मात्र तसा हेतू स्पष्ट असावा लागतो. हा अधिकार कोणासाठी वापरला जातो, हे पाहणे उद्बोधक ठरते.

५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सलवा जुडूम प्रकरणी, आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमून नक्षलविरोधी कारवाईत उतरवणे घटनाबाह्य ठरवले. छत्तीसगड सरकारने प्रथम वटहुकूम व मग सहायक सशस्त्र पोलीस दलाचा कायदा करून त्याच तारखेपासून त्या तरुणांना नव्या दलात सामावून घेतले. न्यायालयाचा निर्णय आणि त्याला वळसा घालणारा कायदा, दोहोंची तारीख एकच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा कायदा करणे हा न्यायालयाचा अवमान ठरत नाही असे म्हटले.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवावे. व्होडाफोन कंपनीवरील कर वसूल करण्यासाठी २०१२ साली आयकर कायद्यात १९६२ पासूनची पूर्वलक्षी दुरुस्ती झाली. त्यावर देशी-विदेशी भांडवलाने ‘कायद्याचे राज्य संपले’ असा आक्रोश केला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने ती मागणी मागे घेतली. वसूल केलेली रक्कम परत करण्याचीही तयारी दाखवली. पूर्वलक्षी कायदा हे पाप असल्याचा साक्षात्कार भांडवलावर कर बसला तेव्हाच झाला!

शेतकऱ्यांच्या बाजूने मागे पाहणारे एक कलम संसदेने केले होते. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्याच्या कलम २४ नुसार, निवाड्यास पाच वर्षे होऊन गेल्यावरही प्रत्यक्ष ताबा घेतलेला नसेल किंवा मोबदला दिलेला नसेल तर जुन्या कायद्याखालील संपादन रद्द ठरणार होते. पुणे महानगरपालिकेच्या खटल्यात २४ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचा उदार अर्थ लावला. सरकारी खजिन्यात टाकलेली रक्कम म्हणजे दिलेला मोबदला नव्हे, असे सांगितले. ६ मार्च २०२० रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने इंदूर विकास प्राधिकरण खटल्यात तो निर्णय फिरवला. ‘किंवा’ या शब्दाचा अर्थ ‘आणि’ असा झाला. ताबा नाही आणि मोबदलाही नाही, अशा दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागू लागल्या. एका अव्ययाच्या अर्थाने किती जणांच्या जमिनी गेल्या, याचा हिशेब कोणत्याही राजपत्रात छापला गेलेला नाही.

आणि तरीही बस्तरमध्ये लोहंडीगुडा घडले. टाटांच्या पोलाद प्रकल्पासाठी २००८ साली जुन्याच कायद्याखाली घेतलेली दहा गावांतील सुमारे १,७६४ हेक्टर जमीन १,७०७ शेतकऱ्यांना २०१९ साली परत मिळाली. प्रकल्प उभा राहिला नव्हता, आदिवासींनी विरोध सोडला नव्हता आणि राज्यात नुकत्याच निवडणुका झाल्या होत्या. जुन्या संपादनाला नवे तत्त्व लावण्यात तेव्हा कोणतीही तांत्रिक अडचण आली नाही.

तारखेची लढाई

इंग्लंडच्या दहा तासांच्या कायद्याची कहाणी मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात सांगितली आहे. ८ जून १८४७ च्या कायद्याने स्त्रिया व तरुण कामगारांसाठी १ जुलै १८४७ पासून अकरा तास आणि १ मे १८४८ पासून दहा तास ठरवले. संमती व अंमल यांमधील त्या अकरा महिन्यांचा उपयोग गिरणीमालकांनी वेतनकपात करून कामगारांनाच कायद्याविरुद्ध उभे करण्यासाठी केला. तो डाव फसला, कारण कामगार तारखेपर्यंत एकजूट राखून होते.

तारीख कामगार-शेतकऱ्यांनाही रोखून धरता येते, हे अलीकडचा इतिहास सांगतो. २०२० चे तीन कृषी कायदे जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने स्थगित केले आणि वर्षभराच्या किसान आंदोलनानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेला ते रद्द करावे लागले. २०१९ व २०२० साली संमत झालेल्या श्रमसंहिता २०२५ च्या अखेरपर्यंत लांबल्या. ९ जुलै २०२५ च्या देशव्यापी संपापर्यंतच्या सततच्या प्रतिकाराचा त्यात मोठा वाटा आहे. त्या लागू झाल्या म्हणून लढाई संपली, असे मानणे म्हणजे राजपत्राला इतिहासाचा शेवट मानणे होय.

यातून पक्षसभासदांपुढे, विशेषतः कामगार आघाडीवरील कार्यकर्त्यांपुढे, काही निश्चित कामे उभी राहतात. प्रत्येक कायदा, नियम व अधिसूचना यांविषयी केव्हापासून, कोठे, कोणाला व जुन्या हक्कांचे काय, ही चार उत्तरे साध्या भाषेत लिहून वस्तीत व बाजारात पोहोचवावीत. जुन्या कायद्याखालील देण्यांचे दावे मुदतीत दाखल करावेत. हजेरी, पगार व जादा कामाच्या नोंदी कामगाराने स्वतः ठेवाव्यात, हा आग्रह धरावा. श्रमिकांच्या हिताच्या प्रत्येक विधेयकात अंमलाची तारीख विधेयकातच लिहिलेली असावी, ती सरकारच्या मर्जीवर सोडू नये, ही मागणी विधिमंडळात व बाहेर करावी. आणि साप्ताहिक सुट्टी, कामाचे तास, रजा या मूलभूत हक्कांना संख्येचा कोणताही उंबरठा असू नये, ही मागणी रायपूरपासून मुंबईपर्यंत एका आवाजात झाली पाहिजे.

गोलबाजारातल्या सहा नोकरांच्या दुकानातील माणूसही आठवड्यातून सातही दिवस उभा राहून थकतो. दहाव्या नोकराच्या अभावी त्याचे पाय कमी दुखत नाहीत. ही गोष्ट ज्या कायद्याला दिसत नाही, तो कायदा बदलेपर्यंत त्या माणसाला संघटनेत आणणे हेच आजचे काम आहे. कारण संघटनेच्या दारात दहाचा उंबरठा नाही.